आसवारिष्टांची निवळ : एक उपेक्षित संस्कार



आसवारिष्टांविषयी आपल्या परिषदांतून व चर्चासत्रांतून पुष्कळ ऊहापोह होतो. गूळ जुना असावा की नवा, धायटीची फुले किती घालावीत, संधान सिद्ध झाल्याची लक्षणे कोणती, यांवर मतमतांतरे मांडली जातात. परंतु संधान सिद्ध झाल्यानंतर आणि औषध बाटलीत भरण्यापूर्वी जो काळ जातो, किंबहुना जायला हवा, त्याविषयी क्वचितच कोणी बोलतो. 'सिद्ध झाल्यावर वस्त्रगाळ करून भरावे' एवढ्या एका वाक्यात आपण तो विषय संपवितो. या एका वाक्यामुळे आपल्या आसवारिष्टांची चव, त्यांचा गुण आणि त्यांवरील रुग्णांचा विश्वास या तिन्हींची हानी होते, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रस्तुत लेखात ते अनुभवाच्या व शास्त्राच्या आधारे मांडीत आहे.

प्रारंभी स्वतःची चूक सांगतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील कलम ३३ ईईसी अन्वये वैद्याला स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करण्यास परवान्याची आवश्यकता नसते. त्या मुभेनुसार माझ्या चिकित्सालयामागील लहानशा औषधशाळेत मी मोजकी आसवारिष्टे करीत असतो. २०१४ सालच्या आश्विनात द्राक्षारिष्टाचे संधान लावले. दिवाळीनंतर थंडी पडू लागली, कासाचे रुग्ण वाढले आणि जुना साठा संपला. चाळीसाव्या दिवशी बरणीच्या तोंडाशी पेटती काडी धरली, ती विझली नाही. प्रक्षेप द्रव्ये तळाशी बसली होती, मद्यगंध येत होता. संधान सिद्ध झाले असे मी ठरविले. औषधशाळेत वीस वर्षे खल घोटणारे आमचे वयोवृद्ध सहकारी, ज्यांना आम्ही सर्व काका म्हणतो, त्यांनी बरणीला कान लावला आणि म्हणाले, "साहेब, अजून हे बोलतंय. बोलणारं भरू नये." मी हसलो आणि वस्त्रगाळ करून बाटल्या भरावयास सांगितल्या.

तीन आठवड्यांच्या आत त्याचे फळ मिळाले. एका वृद्ध रुग्णाच्या घरी रात्री बाटलीचे झाकण उडाले. दोन बाटल्या कपाटात फुटल्या. सुनेच्या अशक्तपणासाठी औषध नेणाऱ्या एक आजी अर्धी बाटली परत घेऊन आल्या. "डॉक्टर, औषधाला मी वाईट म्हणत नाही. पण ताकासारखा फेस येतो वर, आणि तळाला चिखल बसतो. घेतलं की तिच्या छातीत जळजळतं. आता ती घेत नाही," असे त्यांनी सांगितले. बाटली बदलून देता आली, परंतु सुनेने ते औषध पुन्हा घेतले नाही. आजींच्या तोंडून ही गोष्ट आणखी किती घरांत गेली असेल, ते मला ठाऊक नाही.

योगायोगाने त्या खेपेस बाटल्या अपुऱ्या पडल्या होत्या आणि एक बरणी न भरता तशीच राहिली होती. फाल्गुनात ती उघडली, तेव्हा तळाशी चार बोटे गाळ घट्ट बसला होता. वरचा द्रव गर्द पण पारदर्शक, सुगंधी आणि जिभेला मऊ लागणारा झाला होता. काथ तोच, गूळ तोच, धायटी तीच, हातही तेच. मध्ये फक्त तीन महिने गेले होते आणि गाळाला बसण्यास वेळ मिळाला होता. त्या दिवसापासून या विषयाचा मी शास्त्रात शोध घेऊ लागलो.

शास्त्राधार

घरात ताक उभे राहिले की त्यावर निवळी येते. चुना भिजवून ठेवला की वरची चुन्याची निवळी आपण औषधासाठी काढून घेतो. स्थिर द्रवातील जड भाग तळाशी बसू द्यावा आणि वरचा स्वच्छ भाग हलक्या हाताने वेगळा करावा, ही क्रिया आपल्या घराघरांत आहे. तिलाच मी या लेखात 'निवळ काढणे' म्हटले आहे. द्राक्षांची मदिरा करणारे लोक हेच काम एका पिंपातून दुसऱ्या पिंपात वारंवार करतात. आमच्या नाशिक परिसरात २००१ च्या राज्य शासनाच्या धोरणानंतर असे अनेक कारखाने उभे राहिले, त्यांमुळे ही पद्धत जवळून पाहता आली. तेथील लोक ती परदेशातून शिकले. आपल्याला मात्र त्यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही.

शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडातील दहावा अध्याय आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात वाचला आहे. त्यात सुरेचे थर सांगितले आहेत. सर्वांत वरचा स्वच्छ मंड म्हणजे प्रसन्ना. तिच्याखालची घट्ट ती कादंबरी, तिच्याखाली जगल, जगलाहून घट्ट तो मेदक, आणि ज्याचे सार काढून घेतले गेले आहे असा तळाचा चोथा तो पुक्कस. परीक्षेसाठी आपण ही नावे पाठ केली आणि विसरलो. वास्तविक ही नावे म्हणजे निवळ काढण्याच्या क्रियेचाच पुरावा आहेत. भांडे स्थिर ठेवून थर वेगळे केल्याशिवाय थरांना पाच नावे देण्याची गरज कोणाला पडेल? आणि सर्वांत वरच्या स्वच्छ थराला आचार्यांनी 'प्रसन्ना' म्हणावे, यात त्यांचा अभिप्राय पुरेसा स्पष्ट आहे.

दुसरा आधार दशमूलारिष्टाचा. या कल्पाच्या पाठात सिद्ध झालेले अरिष्ट बाहेर काढल्यावर त्यात कतकाचे फळ, म्हणजे निर्मळी, टाकून ते निर्मळ करावे असा स्पष्ट आदेश आहे. गढूळ पाणी स्वच्छ करण्यासाठी निर्मळीचे बी उगाळून टाकण्याची रीत सुश्रुतकाळापासून ज्ञात आहे. तीच युक्ती अरिष्टासाठी सांगितली आहे. अर्थात नुसते गाळणे आचार्यांना पुरेसे वाटले नाही. आज किती औषधशाळांत दशमूलारिष्टाच्या कृतीतील हे शेवटचे वाक्य पाळले जाते, याचा प्रत्येकाने प्रामाणिकपणे विचार करावा.

तिसरा आधार नव्या-जुन्याचा. चरकांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात नवे मद्य गुरु व दोषकर, तर जुने मद्य स्रोतःशोधक, दीपन व लघु असे म्हटले आहे. सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात नव्या मद्याचे दोष अधिक विस्ताराने सांगितले आहेत. ते अभिष्यंदी, जड, अप्रिय वासाचे, बेचव, अहृद्य व विदाही असते, तर जीर्ण मद्य सुगंधी, दीपन, हृद्य व रुचिकर होते. हे वर्णन मद्याचे आहे, औषधी अरिष्टाचे नाही, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु दोन्ही संहितांत अरिष्टाचा विचार मद्यवर्गातच केला आहे, हे विसरता येणार नाही. त्या आजींच्या सुनेची छातीतील जळजळ, न आवडणारा वास, बेचवपणा ही सर्व तक्रार सुश्रुतांनी एका ओळीत सांगून ठेवली होती. मी ती वाचली होती, पण आचरली नव्हती.

आसव, धातू व रसकल्प जितके जुने तितके गुणवान, हे शार्ङ्गधरांचे मत तर सर्वश्रुत आहे. आधुनिक नियमावलीनेही आसवारिष्टांना १० वर्षांची ग्राह्यता मान्य केली आहे. जे औषध दहा वर्षे टिकते, त्याला भरण्यापूर्वी तीन महिने थांबविणे आपल्याला जड का जावे?

नव्या आसवात काय असते?

निवळ काढल्याने चव का सुधारते, हे समजण्यासाठी नव्या आसवात कोणते घटक असतात ते पाहणे आवश्यक आहे.

पहिला घटक वायू. किण्व गुळातील शर्करेचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. त्यातील बराचसा वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो, परंतु संधान शांत झाल्यावरही द्रवात तो विरघळलेला राहतो. जिभेला टोचणारी चुणचुण आणि पोटात गेल्यावर येणारे ढेकर त्यामुळेच.

दुसरा घटक किण्वाचा गाळ. काम संपलेले किण्व मरून तळाशी बसते. त्यावरच औषध महिनोन्महिने राहिले तर मृत किण्व विघटित होऊ लागते आणि द्रवाला शिळा, कुजट वास येतो. काही वेळा संधानातच गंधकयुक्त वायू तयार होतो, त्याला सडक्या अंड्यासारखा दर्प असतो.

तिसरा घटक कषाय द्रव्य. धायटीची फुले, बाभळीची साल, खदिर यांच्यातील कषाय अंश नव्या द्रवात मोकळा असतो आणि जीभ आवळून धरतो. कालांतराने हा अंश प्रथिनांशी व परस्परांशी बद्ध होऊन जड होतो आणि खाली बसतो. द्रव निवळतो आणि त्याचा तुरटपणा मृदू होतो, या दोन गोष्टी म्हणूनच बरोबर घडतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे : अपूर्ण संधान. माझी चूक येथेच झाली. किण्वाला ऊब लागते. थंडी पडली की त्याचे काम मंदावते, कधी जवळजवळ थांबते. बुडबुडे दिसेनासे होतात, वायू इतक्या हळू निघतो की काडी विझत नाही. आपण त्याला सिद्धी समजतो. वास्तविक ते संधान संपलेले नसून झोपलेले असते. गुळाचे प्रमाण मोठे असलेल्या द्राक्षारिष्टासारख्या कल्पात तर शर्करा भरपूर शिल्लक असते. अशी बाटली रुग्णाच्या उबदार स्वयंपाकघरात गेली की किण्व जागे होते, आणि मग झाकण उडते. काकांचा कान माझ्या काडीपेक्षा अधिक अचूक ठरला तो यामुळे. म्हणून थंडीच्या दिवसांत केवळ काडीच्या परीक्षेवर विसंबू नये. थोडा द्रव लहान बाटलीत अर्धा भरून दोन दिवस उबदार जागी ठेवावा आणि त्यातून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडून पाहावा. निवळी दुधाळ झाली तर संधान चालू आहे असे निश्चित समजावे.

हवेचा उपयोग व अपाय

नवी मदिरा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून तासभर उघडी ठेवली की चव सुधारते, असे मदिरेचे जाणकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. ओतताना विरघळलेला वायू निघून जातो, दर्प उडतो आणि हवेच्या संपर्काने कषायपणा किंचित निवतो. आपल्यापैकी काही वैद्यही नवे आसव पातेल्यातून पातेल्यात ओतून 'जुन्यासारखे' करून देतात. या युक्तीची मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. अशाने चव सुधारते, पण औषध जुने होत नाही. कषाय अंशाचे बद्ध होणे, अम्ल व मद्यार्क यांच्या संयोगाने सुगंध निर्माण होणे आणि सूक्ष्म गाळ बसणे, यांना काळच लागतो. ओतल्याने केवळ वाईट वास जातो, चांगला सुगंध निर्माण होत नाही.

शिवाय हवा हे दुधारी शस्त्र आहे. मद्यार्क, हवा व ऊब एकत्र आली की अम्लकारी जीवाणू मद्यार्काचे शिरक्यात रूपांतर करतात. मद्य किंवा मधुर द्रव बिघडून आंबट झाला की त्यास चुक्र म्हणावे, असे शार्ङ्गधरांनी सांगितलेच आहे. चुक्राचे गुणधर्म निराळे, उपयोग निराळे. द्राक्षारिष्टाच्या चिठ्ठीवर चुक्र देणे ही रुग्णाची फसवणूक आहे, मग ती अजाणता का असेना. म्हणून माझा नियम असा आहे की पहिल्या खेपेस द्रवाला थोडी हवा लागू द्यावी, कारण तेव्हा त्यातून वायू बाहेर पडणे हितावह असते. त्यानंतरच्या प्रत्येक खेपेस मात्र हवेपासून त्याचे कसोशीने रक्षण करावे.

अनुभवान्ती ठरलेली पद्धती

२०१५ पासून मी पुढील पद्धती अवलंबिली आहे. ती लहान औषधशाळेस सहज शक्य आहे.

संधान सिद्ध झाल्यावर बरणी चोवीस तास हलवू नये. निवळ काढण्याचे काम पहाटे, गारव्यात करावे. उष्णतेने द्रवातील वायू सुटू लागतो आणि त्याबरोबर गाळ वर उसळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. बरणी ज्या उंचीवर असेल त्याखाली दुसरी स्वच्छ बरणी ठेवावी. खाद्यपदार्थांस योग्य अशी पारदर्शक नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून तिचे एक टोक वरच्या बरणीत, गाळापासून चार बोटे वर राहील असे धरावे. दुसरे टोक खाली सोडले की प्रवाह आपोआप सुरू होतो. नळीतील पाणी आधी वेगळ्या भांड्यात जाऊ द्यावे. तोंडाने ओढून प्रवाह सुरू करण्याची सवय सर्वथा त्याज्य आहे. नळीत गढूळ द्रव दिसू लागताच प्रवाह थांबवावा. उरलेला दाट भाग जाड वस्त्रातून वेगळा गाळून लहान बरणीत ठेवावा. दोन दिवसांनी त्याचीही निवळ मिळते, त्यामुळे नुकसान फार थोडे होते.

पहिल्या खेपेस नळीचे टोक खालच्या बरणीच्या कडेला टेकवून द्रव भिंतीवरून पसरत जाऊ द्यावा, म्हणजे वायू सुटतो. तीन ते चार आठवड्यांनी दुसरी निवळ काढावी. या वेळी व यापुढे नळीचे टोक तळाशी बुडलेले असावे, म्हणजे द्रव खळखळत नाही. बरणी गळ्यापर्यंत भरलेली असावी. कमी पडल्यास त्याच कल्पाचे जुने आसव घालून भरावी, रिकामी जागा ठेवू नये. तिसरी निवळ सुमारे तीन महिन्यांनी काढावी आणि मगच बाटल्या भराव्यात. काचेच्या पेल्यात थोडे आसव घेऊन मागे दिवा धरला असता ज्योतीची कड स्पष्ट दिसली पाहिजे. ती धूसर दिसली तर आणखी थांबावे. दशमूलारिष्टात पाठाप्रमाणे निर्मळीचा उपयोग करावा.

भांड्यांविषयी दोन शब्द. तांबे, पितळ व कल्हई गेलेली भांडी पूर्ण वर्ज्य समजावीत. साध्या लोखंडाच्या संपर्काने कषाय द्रव्ये काळी पडतात. चिनी मातीची बरणी, काच किंवा उत्तम प्रतीचे स्टेनलेस स्टील योग्य. रिकामी बरणी धुऊन, वाळवून, शास्त्रोक्त धूपन करूनच पुन्हा वापरावी, कारण निवळ काढण्याच्या प्रत्येक खेपेस नव्या भांड्यातील अशुद्धी आत जाण्याची संधी असते. ज्याला स्वच्छता जमत नसेल त्याने तीनदा निवळ काढण्यापेक्षा एकदाच काढावी, हे बरे.

लोहासवाचा विचार मात्र स्वतंत्र करावा लागतो. तेथे लोह द्रवात उतरणे हाच संधानाचा एक हेतू आहे, म्हणून पहिली निवळ घाईने काढू नये. प्रत्येक कल्पाचा हेतू पाहून काळ ठरविणे हे वैद्याचे काम आहे.

काही आक्षेप

'गाळातच औषधाचे सत्त्व असते, तो काढून टाकला तर उरले काय?' असे काही ज्येष्ठ वैद्य विचारतात. त्यांच्याविषयी आदर राखून नम्रपणे सांगावेसे वाटते की शार्ङ्गधरांनी तळाच्या चोथ्याला सार हरण झालेला असेच म्हटले आहे. संधानाच्या काळात द्रव्यातील सार द्रवात उतरते, तोच तर या कल्पनेचा हेतू आहे. सत्त्व गाळात हवे असते तर आपण चूर्णच दिले असते.

'आमच्याकडे फिल्टर प्रेस आहे, निवळ काढण्याची गरज काय?' असे औषधनिर्माते बंधू म्हणतात. यंत्राने दिसणारा गाळ जातो हे मान्य. परंतु विरघळलेला वायू यंत्राने जात नाही, अपूर्ण संधान यंत्राने पूर्ण होत नाही, आणि पुढे बाटलीत बद्ध होणारा कषाय अंश आज यंत्राला दिसत नाही. म्हणूनच यंत्रातून चकचकीत निघालेल्या आसवाच्या बाटलीत चार महिन्यांनी पुन्हा गाळ दिसतो. आधी निवळ काढून मग यंत्र वापरले तर त्याची कापडेही कमी चोंदतात. यंत्र निवळीच्या जागी नव्हे, निवळीनंतर हवे.

'संरक्षक द्रव्य घातले की झाले' हा तिसरा युक्तिवाद. योग्य संधान झालेल्या आसवारिष्टाचे रक्षण त्यातील स्वयंजनित मद्यार्कच करतो. जे औषध मूलतः स्वयंरक्षक आहे त्यावर बाहेरचा पहारेकरी नेमावा लागत असेल, तर दोष आपल्या घाईत शोधावा.

चौथा आक्षेप आर्थिक आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. तीन महिने माल थांबविणे म्हणजे भांडवल, जागा व बरण्या अडकविणे. लहान औषधशाळेस हे कठीण वाटते. परंतु हा भार एकदाच, पहिल्या वर्षी येतो. एकदा चक्र बसले की दर महिन्याला एक बरणी लागते, एक निवळते आणि एक भरली जाते. माझ्याकडे दुसऱ्या वर्षापासून साठा कधी कमी पडला नाही. उलट परत येणाऱ्या बाटल्या थांबल्या. परत आलेली बाटली हिशेबात एकच दिसते, पण तिच्यामागे न आलेले रुग्ण किती, हे हिशेबाच्या वहीत कधीच लिहिले जात नाही.

एक निवेदन

चव हा विषय गौण आहे, औषध कडूच असायचे, असे म्हणणारेही आहेत. निंबाचा काढा कडू असणे हा त्याचा गुण आहे, पण द्राक्षारिष्ट कुजट असणे हा दोष आहे. या दोहोंतील भेद आपण रुग्णाला नाही, स्वतःला समजावून घेतला पाहिजे. आसवारिष्टे ही आपल्या चिकित्सेतील सर्वांत सहज घेतली जाणारी औषधे. भोजनोत्तर १५-२० मिली समभाग पाण्यातून घ्यायचे औषध लहानथोर आनंदाने घेतात. अनेकांचा आयुर्वेदाशी पहिला परिचय अशाच एका बाटलीतून होतो. ती बाटली फेसाळलेली निघाली तर तो परिचय तेथेच संपतो.

यास्तव माझ्या दोन सूचना आहेत. पहिली वैद्यबंधूंसाठी : जे स्वतः आसवारिष्टे करतात त्यांनी येत्या हंगामात एकाच संधानाच्या दोन बरण्या कराव्यात. एक नेहमीप्रमाणे वस्त्रगाळ करून भरावी, दुसरी तीन वेळा निवळ काढून भरावी आणि सहा महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवून स्वतः चाखाव्यात. दुसरी औषधनिर्मात्यांसाठी : कायद्याने आवश्यक त्या उत्पादन दिनांकाबरोबरच संधान लावल्याचा व शेवटची निवळ काढल्याचा दिनांक स्वेच्छेने वेष्टनावर द्यावा. औषध घेणाऱ्या वैद्याला ते किती जुने व किती निवळलेले आहे हे कळेल आणि जो थांबला त्याला थांबल्याचे मोलही मिळेल. आपल्या संघटनेने या विषयावर एक प्रात्यक्षिक वर्ग घ्यावा, अशीही विनंती आहे.

काका आता थकले आहेत, औषधशाळेत क्वचितच येतात. तरी गेल्या पौषात आले असता त्यांनी सवयीने एका बरणीला कान लावला आणि मान डोलावून एवढेच म्हणाले, "आता गप्प झालंय. भरा." ज्या पाठांचा अर्थ मी इतक्या ग्रंथांतून शोधीत बसलो, तो त्यांना कानाने ठाऊक होता. माझ्या या विवेचनात काही न्यून असल्यास विद्वज्जनांनी ते अवश्य निदर्शनास आणावे आणि आपापले अनुभव पत्रिकेकडे पाठवावेत, म्हणजे सर्वांचाच लाभ होईल.

अलमिति विस्तरेण.